रीव्होची उतरण आणि राजाचं शिसं

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये हेल्म्सली गावाहून रीव्होच्या पडक्या मठाला चालत जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत निघा. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐकाच. आम्ही, म्हणजे मी आणि लीड्सला शिकणारी माझी मुलगी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी एक वाजता निघालो. त्याच पहाटे इथली घड्याळं तासभर मागे गेली होती. साडेचारनंतर दिवे लावायची वेळ झाली आणि दरीत तर त्याआधीच काळोख उतरला.

मी निघण्यापूर्वी जे वाचलं होतं त्यात ‘तासाभराची निवांत रपेट, कुठलेही बूट चालतील’ असं लिहिलेलं होतं. लिहिणारा बहुधा जून महिन्यात गेला असावा. पाच किलोमीटरच्या आसपासची वाट आहे. क्लीव्हलंड वे नावाच्या लांब पल्ल्याच्या पायवाटेचा हा पहिलाच तुकडा. खांबांवर ओकच्या फळाची खूण असते, चुकायला होत नाही. किल्ल्याच्या बाजूने शेतांच्या कडेकडेने जाणारा पहिला भाग सोपा आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खरी परीक्षा शेवटी, जंगलातून राय नदीच्या दरीत उतरताना. वाट डोंगराच्या अंगाने तिरकी खाली जाते. वर ओल्या पानांचा जाड थर आणि खाली लोण्यासारखी चिकण माती, पाय कशावर पडतोय ते दिसतच नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या घाटवाटा उतरलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, पण आपल्याकडे आपण तयारीने जातो. इथे ‘रपेट’ म्हणून गेलो. मुलगी दोनदा घसरली, दुसऱ्यांदा हातावर पडली आणि मनगट सुजलं. पकड असलेले बूट आणि एक काठी, याशिवाय ऑक्टोबर ते मार्च या उतारावर पाऊल टाकू नका. खाली आल्यावर डांबरी रस्ता लागतो, त्याला पदपथ नाही. गाड्या जोरात येतात. भडक रंगाचं काहीतरी अंगावर असू द्या.

नाव ‘रीव्हो’ असंच उच्चारा. अक्षरं वाचून ‘रिव्हॉल्क्स’ म्हणालात तर बसवाल्याला कळणार नाही.

मग एवढ्या आटापिट्याने जायचं कशाला? तर लंडनच्या राजवाड्यांत आठव्या हेन्रीची जी गोष्ट सांगतात ती अर्धीच आहे, म्हणून. आदल्या आठवड्यात मी तिथे पैसे मोजून ऐकून आले होते: राणीला मुलगा होईना, पोप काडीमोड देईना, म्हणून राजाने पोपला सोडलं, आणि मग सहा बायका. चित्रं, गालिचे, स्वयंपाकघर. मठांचं काय झालं, ते एका वाक्यात उरकलं.

रीव्होत उभं राहिलं की ते वाक्य पुरत नाही. 1132 साली सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाच्या संन्याशांनी हा मठ वसवला. दरी इतकी अरुंद आहे की चर्च नेहमीसारखं पूर्व-पश्चिम बांधायला जागाच मिळाली नाही, ते जवळजवळ उत्तर-दक्षिण बसवावं लागलं. वेदीकडचा भाग अजून तीन मजले उंच उभा आहे. कमानीवर कमानी, आणि वर थेट आभाळ. मी बराच वेळ त्या भिंतींच्या माथ्याकडे बघत उभी होते. छप्पर वाऱ्यापावसाने गेलेलं नाही, ते हिशेबाने उतरवलं गेलं.

1534 मध्ये कायदा करून हेन्री इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. 1535 मध्ये त्याच्या माणसांनी देशभर फिरून प्रत्येक चर्चचं, प्रत्येक मठाचं उत्पन्न वहीत उतरवलं. 1536 मध्ये वर्षाला दोनशे पौंडांहून कमी उत्पन्न असलेले मठ बंद करायचा हुकूम निघाला, आणि 1540 पर्यंत मोठे, लहान सगळे, आठशेच्या घरातले मठ संपले. रीव्हो गेला डिसेंबर 1538 मध्ये. बाराव्या शतकात जिथे शेकड्यांनी माणसं राहत होती तिथे तेव्हा वीस-बावीस संन्यासी उरले होते. जागा मिळाली अर्ल ऑफ रटलंड या सरदाराला, पण छपरावर पत्र्यासारखं घातलेलं शिसं आणि घंटा राजाने स्वतःकडे राखल्या. शिसं उतरवून तिथल्या तिथे वितळवायचं आणि लाद्या पाडून न्यायच्या. काही मठांत तर भट्टीला जळण म्हणून गायकवृंदाची कोरीव लाकडी आसनं घातली. हे वाचून माहीत होतं, पण त्या उघड्या भिंतींखाली उभं राहून मला रडू आलं. पोपशी भांडण, बायबलचा अर्थ, हे सगळं खरं असेल. पण शिशाच्या लाद्यांवर राजाचा शिक्का होता, हेही तितकंच खरं.

गेल्या शतकात इथे ढिगारा उपसताना त्यातल्या चार लाद्या सापडल्या. त्या न्यायच्या राहून गेल्या होत्या.

आता परतीचं. मठापाशी फोनला रेंज मिळाली नाही. बस नव्हती. मुलीचं मनगट दुखत होतं आणि अंधारात तो चढ पुन्हा चढायचा प्रश्नच नव्हता. तिथल्या एका भल्या माणसाच्या फोनवरून टॅक्सी बोलावली. रस्त्याने जेमतेम पाच-सहा किलोमीटर, आणि टॅक्सीवाल्याने उतरताना पस्तीस पौंड सांगितले. “रविवार आहे, अंधार आहे,” एवढंच कारण. मुलगी म्हणाली, “आई, दे आणि चल, यॉर्कची शेवटची बस जाईल.” दिले. राग अजून गेलेला नाही. परतीची टॅक्सी हेल्म्सलीतून निघतानाच, भाडं बोलून, ठरवून ठेवा. हेल्म्सलीला रेल्वे नाही. मठ हिवाळ्यात रोज उघडा नसतो, वेळा आधी बघा.

यॉर्कशरमधलाच दुसरा पडका मठ, फाउंटन्स, मोठा आहे, राखलेला आहे, तिथला दिवस सुखाचा गेला. एकच दिवस असेल तर तरीही रीव्होला जा.

यॉर्कला दोन रात्री ठेवा. मठ बंद होऊ लागले तेव्हा उत्तरेतले हजारो लोक उठले आणि त्या बंडाला त्यांनी नाव दिलं यात्रेचं, पिलग्रिमेज ऑफ ग्रेस. पुढारी रॉबर्ट आस्क, पेशाने वकील. डिसेंबर 1536 मध्ये राजाच्या वतीने माफीचा आणि संसद भरवण्याचा शब्द मिळाला, लोक घरी गेले. पुढच्या जुलैत आस्कला यॉर्कच्या किल्ल्यावर साखळ्यांत लटकवलं. त्या किल्ल्याचा बुरूज, क्लिफर्ड्स टॉवर, उंचवट्यावर आहे. पायऱ्या खड्या, पण थोड्या. शॅम्बल्स गल्लीत मार्गारेट क्लिदरोचं देवघर आहे. कॅथलिक धर्मगुरूंना आसरा दिला म्हणून तिच्यावर खटला भरला, तिने आरोपाला उत्तर द्यायचंच नाकारलं आणि 1586 मध्ये, म्हणजे हेन्रीच्या मुलीच्या, एलिझाबेथच्या काळात, तिला वजनाखाली चिरडून मारलं. पण ते देवघर म्हणजे तिचं राहतं घर नव्हे, घर बहुधा समोरच्या बाजूला होतं. दारात मला हे कोणी सांगितलं नाही. गल्लीतली गर्दी टाळायची तर नऊच्या आधी जा.

शेवटचा अर्धा तास मिन्स्टरसाठी, म्हणजे यॉर्कच्या मोठ्या चर्चसाठी, राखा. उत्तरेकडच्या बाजूला ‘फाइव्ह सिस्टर्स’ नावाच्या पाच उंच, करड्या-हिरव्या काचांच्या खिडक्या आहेत. 1920 च्या दशकात त्या दुरुस्त केल्या तेव्हा काचा जोडायला रीव्होत सापडलेलं तेच शिसं वापरलं. जवळ जाऊन बघा. हजारो बारीक तुकडे, आणि प्रत्येकाभोवती बोटाच्या पेराहून अरुंद काळी रेघ. मुलगी सुजलेलं मनगट मांडीवर ठेवून समोर बसली होती आणि मी त्या रेघा बघत होते. खिडकी उत्तरेची आहे, ऊन यायची वाट बघू नका.