काका, टाइल फोडावी लागणार

खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छताला ओल आली आणि खापर आमच्या बाथरूमवर फुटलं. प्लंबरने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "काका, टाइल फोडावी लागणार." सहा फोडल्या. गळत होता एक एल्बो, म्हणजे पाइपचा वाकडा जोड, साठ रुपयांचा. तशा टाइल आता मिळत नाहीत, त्यामुळे अर्धी भिंतच नवी करावी लागली. वर हिचा टोमणा, "अहो, जन्मभर पाइपच जोडत होतात ना?"

जोडत होतो. वागळे इस्टेटमध्ये छत्तीस वर्षं, हीट एक्स्चेंजरवर. ट्यूबशीटच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या जाड प्लेटच्या, भोकात ट्यूब सरकवायची, आतून एक्सपांडर फिरवायचा, ट्यूब फुगून घट्ट बसते. पुढे कधी सडली की कापून ओढून काढायची, त्याच भोकात नवी बसवायची. अणुभट्टीतही नळ्यांची टोकं अशीच रोल करून बसवतात हे कळलं, तेव्हा लग्नात अचानक गाववाला भेटावा तसं झालं.

आपल्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्टीत सगळा दाब एका मोठ्या भांड्यावर नसतो. तो ३०६ आडव्या नळ्यांत वाटलेला असतो. प्रत्येक नळीत इंधनाच्या कांड्यांचे १२ बंडल, एकेक साधारण अर्ध्या मीटरचा. भट्टी चालू असतानाच एका टोकाने नवा बंडल आत जातो, दुसऱ्या टोकाने जुना बाहेर येतो.

राजस्थानातल्या रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीत पहिल्या नळ्या झिरकॅलॉय-२ या झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या होत्या. हा धातू हायड्रोजन शोषतो. प्रत्येक नळीभोवती दुसरी, थंड नळी असते. त्यात दोघींना अलग ठेवणाऱ्या स्प्रिंगा जागच्या हलल्या, की नळी मध्ये झोळते आणि बाहेरच्या थंड नळीला टेकते. टेकली की तिथे हायड्रोजन गोळा होतो, धातू ठिसूळ होतो. १९९०च्या दशकात तिथल्या सगळ्या नळ्या काढून झिरकोनियम-नायोबियमच्या बसवल्या. तेही दुरून चालवायच्या हत्यारांनी, कारण जवळ उभं राहायची सोय नाही. इमारत जागच्या जागी. आमच्या बिल्डरला हे कोणी सांगितलं असतं तर!

जुन्या नळ्या मात्र भंगारात जात नाहीत. त्या स्वतःच किरणोत्सारी झालेल्या, सांभाळूनच ठेवाव्या लागतात. वापरलेल्या इंधनाचं तसं नाही. ते नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात; आपल्याकडे याची सुरुवात १९६४ साली मुंबईच्या ट्रॉम्बेला झाली. उरलेल्या कचऱ्यातून आता सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थही काढतात आणि काचेत ओतून त्याच्या कांड्या करतात. रक्तपेढीत रक्ताच्या पिशव्यांना किरण द्यायला त्या लागतात, म्हणजे प्रतिकारशक्ती खचलेल्या रोग्याच्या अंगावर दात्याच्या पेशी उलटत नाहीत.

काचच का? १९८७ साली ब्राझीलच्या गोयानियात भंगारवाल्यांनी सोडून दिलेल्या एका रेडिएशन मशीनचा भाग फोडला. आत सीझियमची विरघळणारी भुकटी होती, ती घराघरांत पोचली, चार जण गेले. तेव्हा सगळंच सहज उघडता यावं असं मी म्हणणार नाही.

पण बाथरूमचा पाइप? नव्या भिंतीत एल्बोसमोर मी एक टाइल पत्र्याच्या चौकटीत, चार स्क्रूंवर बसवून घेतली. ही म्हणते, दवाखान्यासारखं दिसतं. तिने त्यावर टॉवेलची खुंटी लावली आहे, नेमकी एका स्क्रूवर.