६ इंची एफ/८ दुर्बिणीचा आरसा : टर्न्ड एजचं कारण एकदाचं सापडलं

कड परत यायला लागली! दुर्बिणीचा आरसा हाताने घासतेय, त्यात तीन आठवडे ज्या टर्न्ड एजने (आरशाची कड बाकीच्या वक्रापेक्षा खाली वळणं) जीव खाल्ला ती काल रात्री फूको चाचणीत (पात्याने प्रकाश अडवून आरशावरच्या सावल्या बघणं) पहिल्यांदा सुधारलेली दिसली. आत्ता सकाळचे सात वाजलेत, झोप नाही, पण आधी हे लिहून काढते.

बाकीचं पटकन. पॉलिश कडेपर्यंत पूर्ण झालंय, लेझर मारला तरी कुठेच ठिपका उमटत नाही. आरओसी, म्हणजे वक्रतेची त्रिज्या, २३८६ मिमी, म्हणजे फोकल लेंग्थ त्याच्या निम्मी, ११९३. मला १२०० हवी होती आणि हाताने घासून ७ मिमीचा फरक, त्या रात्री मी आरसा मांडीवर घेऊन नुसती बघत बसले होते. सिरियम (पॉलिशची पावडर) मात्र सुटं घेऊ नका, एका दुकानातल्या पुडीने स्लीक्स, म्हणजे बारीक ओरखडे, पाडले आणि ते घालवण्यात चार रात्री गेल्या.

आता कड. नाइफच्या, म्हणजे फूकोतल्या पात्याच्या, विरुद्ध बाजूला जी बारीक चकाकती रेष दिसायला हवी ती गायबच. मला वाटलं मे महिन्याचा उकाडा, जानेवारीत बनवलेलं पिच (डांबरासारखा पदार्थ, त्याच्याच थरावर, म्हणजे लॅपवर, आरसा घासतात) आता मऊ पडलं असणार, म्हणून वितळवून राळ वाढवली, नखाने दाबून बघितलं, एकदम कडक, नवीन लॅप ओतला. कड तशीच. मग स्ट्रोक, म्हणजे आरसा पुढे-मागे सरकवायचं अंतर, व्यासाच्या एक तृतीयांशवरून एक चतुर्थांशवर आणला, तरी तशीच! त्यात आमच्याकडे टेस्टिंगची वेळही ठरलेली, कारण कळव्याच्या कारशेडमधून पहाटे लोकल निघायला लागल्या की सावल्या थरथरतात.

धागा लागला तो वही चाळताना. माझ्या वहीत सेशन सुरू केल्याची वेळ रोज आहे, संपल्याची एकदाही नाही. मी साडेदहाला 'दोन वेट (एकदा घातलेलं सिरियम सुकेपर्यंतचं घासणं) करते आणि झोपते' म्हणून लॅप ठेवलेल्या पिंपाशी उभी राहते, आरसा लॅपवर सरकायला लागला की तो जो हलका ओढ लागल्यासारखा आवाज येतो ना, त्यात अशी तंद्री लागते की सिरियम सुकलं, परत घातलं, पिंपाभोवती एक फेरी, दुसरी फेरी, आणि एकदम बाबा पाणी भरायला उठलेले दिसतात. तहान नाही, पाय दुखत नाहीत, मध्ये पाच तास गेलेत हेच खरं वाटत नाही. या छंदातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे आणि कडही यातच जात होती. इतका वेळ घासल्यावर लॅप गरम होतो, पिच वाहतं, लॅपमधले चॅनल (खाचा) बुजतात, कोल्ड प्रेस (आरसा लॅपवर वजनाखाली दाबून ठेवणं) करायचं लक्षातच राहत नाही, आणि हात थकले की स्ट्रोक आपोआप लांबतो, वजन पुढच्या कडेवर पडतं. वहीत फक्त एका रात्री 'कड बरी?' असं लिहिलंय. त्या रात्री पाऊण तासात लाइट गेली होती.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शलने ७ फुटी (म्हणजे तेवढ्या फोकल लेंग्थच्या) दुर्बिणीचा आरसा पुरा करताना १६ तास हात उचलला नव्हता, बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत होती. १७८१ला युरेनस सापडला तोही ७ फुटी दुर्बिणीतूनच, आरसा ६.२ इंची, जवळपास आपल्याएवढाच. पण तो धातूचा आरसा. माझ्या लॅपला १६ तास झेपणार नाहीत.

मोबाइलचा अलार्म लावून बघितला, नको. तो वाजला की दचकून स्ट्रोक मध्येच तुटतो आणि पुढचा तासभर हात जमत नाही. म्हणून काल सिरियम तीन छोट्या डब्यांत मोजून ठेवलं, एक डबी म्हणजे एक वेट, साधारण आठ मिनिटं. तिन्ही संपल्या की आरसा लॅपवर ठेवून वर तांदळाचा पाच किलोचा डबा, वीस मिनिटं प्रेस. असे चार राउंड केले, आरसा दोन तास थंड होऊ दिला, आणि रेष दिसली! अजून फिकट आहे, पण आहे.

आज डब्या सहा करणार होते, पण लिहिता लिहिता सुचलं, तीन वेट म्हणजे २४ मिनिटं, म्हणजे बरोब्बर एक घटिका! लग्नात घंगाळात सोडतात तसलं घटिकापात्र पिंपाशेजारी ठेवलं तर दर फेरीला नजर पडेल, बुडालं की थांबायचं, आवाज नाही, दचकणं नाही. डब्या राहू देत तीनच. आईची जुनी तांब्याची वाटी आहे, भोक किती बारीक पाडायचं ते करून बघावं लागेल, लहानापासून सुरू करून मोठं करत जाईन.

पॅराबोलायझिंग (आरशाला शेवटचा पॅराबोलाचा आकार देणं) त्यामुळे पुढे ढकललं, आधी कड पूर्ण येऊ दे. कुणाकडे अर्धा मिमीचं ड्रिल बिट असेल तर सांगा, ठाण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.