रिकाम्या सीटकडे बघून रस्ता ओलांडताना

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल पाहिला, छानच आहे, फोटो सगळ्यांकडे असतात. मला सांगायचंय ते मिशन भागातल्या एका बिनसिग्नलच्या चौकाबद्दल.

रस्त्यावर पाय टाकण्याआधी आपण ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघतो. त्याने आपल्याला पाहिलंय एवढी खात्री पटली की निघतो. इथे समोर पांढरी जॅग्वार उभी आणि स्टिअरिंगमागे कुणीच नाही. वेमो कंपनीची, चालकाविना धावणारी टॅक्सी. पुढच्या चाकांवरचे सेन्सर गरगरत होते, टपावरच्या घुमटावर करड्या-पांढऱ्या पट्ट्या सरकत होत्या. ‘थांबलेय, जा’ असं ती पादचाऱ्याला सांगते म्हणे. मी मात्र काचेतून आत कुणी दिसतंय का तेच शोधत होते. मागून आलेला एक शाळकरी पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता पलीकडे पोचलासुद्धा!

तो पोरगा डोक्यातून जाईना. गाडी थांबणारच हे एकदा ठाऊक झालं की सिग्नलची वाट कोण बघेल? कॅलिफोर्नियात तर २०२३ पासून, धडकेचा तातडीचा धोका नसेल तर रस्ता कुठूनही ओलांडला म्हणून पोलीस पावती फाडत नाहीत. पायी चालणाऱ्यांची चंगळच. पण मग गाड्या जागच्या हलणार नाहीत, आणि आत बसलेले लोक कठडे घाला म्हणून ओरडतील. त्यात कोणाचं ऐकलं जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

संध्याकाळी आत बसूनही पाहिलं. स्टिअरिंग आपोआप वळतं, त्याची गंमत पहिल्या एकदोन चौकांपुरती. खरी मजा पडद्यावर. उभ्या ट्रकच्या आडून येणाऱ्या माणसाची आकृती, मला तो खिडकीतून दिसायच्या आधी तिथे उमटली. उतरताना मागून सायकल येतेय असंही गाडीने बजावलं. अचानक उघडलेल्या दारावर जो कधी आदळलाय, त्यालाच या सूचनेची किंमत कळेल.

तरी डोळे झाकून विसंबावं असं नाही. २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपीत सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी बाई उबरच्या चाचणी गाडीच्या धडकेत गेली. गाडीच्या प्रणालीला ती कधी वाहन, कधी सायकल, कधी भलतंच काही वाटत राहिली. याच सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या गाडीने उडवलेल्या बाईला क्रूझ या कंपनीच्या चालकाविना गाडीने फरपटत नेलं, आणि राज्याने त्या कंपनीचा चालकाविना गाड्या चालवण्याचा परवाना थांबवला.

मला जास्त खटकल्या त्या रिकाम्या गाड्या. ना चालक, ना प्रवासी, पुढच्या भाड्यासाठी नुसत्या फिरताहेत. पार्किंगची जागा वाचेल म्हणतात. वाचू दे, पण तिथे फुटपाथ रुंद होणार, सायकलचा पट्टा येणार की आणखी एक लेन, हे शहरानेच ठरवायला हवं. रिकाम्या फेरीवर सणसणीत कर लावावा, असं माझं मत. सोबतच्या मैत्रिणीला ते अजिबात पटलं नाही. तोवर तिने परतीसाठी अशीच एक गाडी बोलावलीही होती.