बाबांचा पेट स्कॅन

रत्नागिरीहून रात्रीची कोकणकन्या पकडून बाबांना मुंबईला नेलं, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रक्तात तपासतात तो पीएसए वाढतच चाललेला आणि बोन स्कॅनमध्ये धड काही दिसेना म्हणून डॉक्टरांनी पीएसएमए पेट, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरचं पीएसएमए नावाचं प्रोटीन शोधणारा स्कॅन, सांगितला. हा आधीच करायला हवा होता असं राहून राहून वाटतं. गॅलियम-६८ या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन देतात, ते ६८ मिनिटांत निम्मं होतं, म्हणून वेळ अगदी काटेकोर. स्क्रीनवर मणक्यात दोन ठिपके लखलखत होते, पोटात गोळाच आला माझ्या. लाळग्रंथी पण चमकतात, ते नॉर्मल असतं हं, घाबरू नका.

आता कॅन्सरच्या पेशींवरच्या त्याच पीएसएमए प्रोटीनला चिकटणारं ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध चालू आहे, दर ६ आठवड्यांनी. तोंड फार कोरडं पडतं, भाकरी उतरत नाही, आई वाटीभर पेज पुढे करते आणि बाबा हळूहळू संपवतात.