‘स्विच ऑफ इट’ का चालत नाही

स्मरणिकेसाठी आठवणी लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं. आठवणी बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मी आपल्या शाळेतल्या मुलांना उपयोगी पडेल असं काहीतरी लिहितो. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीच्या बॅचेस पाचवीत ए-बी-सी-डी गिरवत होत्या. पण दोघांच्याही वह्या तपासल्या तर लाल शाईच्या खुणा त्याच जागी सापडतात: क्रियापदाजवळचे ऑन, टू, फॉर, ऑफ आणि वाक्यं जोडणारे ऑलदो, अनटिल, अनलेस.

घोळ सुरू होतो आपल्या विभक्तीपासून. मराठीत प्रत्यय नामाला लागतो, म्हणून आपण नामाकडे बघून इंग्रजी शब्द निवडतो. ‘वर’ दिसला की ऑन, ‘शी’ दिसला की विथ, ‘ला’ दिसला की टू. इंग्रजीत हा शब्द बसतो नामाच्या आधी, पण त्याची निवड करतं क्रियापद. भावावर रागावणं, भावावर हसणं, भावावर विश्वास ठेवणं, भावावर अवलंबून असणं, या चारही ठिकाणी आपला एकच ‘वर’ चालतो. इंग्रजीत मात्र अँग्री विथ, लाफ ॲट, बिलीव्ह इन आणि डिपेंड ऑन. चारपैकी एकाच ठिकाणी ऑन आलं. अँग्री हे विशेषण आहे, पण हिशेब तोच. म्हणून नुसतं ‘डिपेंड’ पाठ करणं म्हणजे अर्धाच शब्द पाठ करणं.

‘ला’ तर सगळ्यात जास्त फसवतो. ‘सरांना विचारलं’ याचं ‘आस्क्ड टू सर’ होतं, ‘कळवतो’ याचं ‘इन्फॉर्म टू यू’ होतं. आस्क, टेल, इन्फॉर्म, रिक्वेस्ट, आन्सर, मीट, रीच, एंटर, मॅरी, रिझेम्बल, डिस्कस ही क्रियापदं कर्माला थेट धरतात, मध्ये कुणाला घेत नाहीत. ‘डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ हे तर शिकलेली माणसंही सर्रास लिहितात. तिथे अबाउट नको. गंमत अशी की हेच शब्द नाम म्हणून आले की मधला शब्द परत येतो: अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम, अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह. ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ ही चूक तिथूनच येते. उलट बाजूला एक्सप्लेन आणि से आहेत. त्यांना माणसाआधी टू लागतोच, ‘एक्सप्लेन मी’ चालत नाही, ‘एक्सप्लेन इट टू मी’ हवं. दाखल्यासाठी अर्ज करायचा तर ॲप्लाय दोन शब्द मागतो: ज्याच्याकडे अर्ज करायचा त्याच्याआधी टू, जे हवं त्याच्याआधी फॉर. ‘ॲप्लाय टू द तहसीलदार फॉर अ सर्टिफिकेट.’

‘पासून’बद्दल थोडक्यात. ‘सोमवारपासून’ म्हणजे सिन्स मंडे, पण ‘दोन वर्षांपासून’ म्हणजे फॉर टू इयर्स. सुरुवातीचा क्षण सांगितला तर सिन्स, मोजलेला काळ सांगितला तर फॉर.

आता शीर्षकातलं वाक्य. विहिरीवरची मोटर बंद करायला सांगताना ‘स्विच ऑफ द मोटर’ बरोबर, ‘स्विच द मोटर ऑफ’ही बरोबर. मोटरच्या जागी इट आलं की मात्र एकच जागा उरते: ‘स्विच इट ऑफ’. ‘स्विच ऑफ इट’ चूक. पण ‘लुक आफ्टर द बुलक’ मध्ये बैलाच्या जागी इट घातलं तर ‘लुक आफ्टर इट’ असंच राहतं, ‘लुक इट आफ्टर’ कधीच होत नाही. कारण स्विचजवळचा ऑफ हा क्रियापदाचाच भाग आहे, तो क्रिया पूर्ण झाल्याचं सांगतो. लुकजवळचा आफ्टर नामाला बांधलेला आहे, नामाला सोडून तो पुढे जाणार नाही. ओळखायचं कसं? मोठ्यानं म्हणून बघा. ‘स्विच इट ऑफ’ मध्ये आवाजाचा जोर ऑफवर पडतो, ‘लुक ॲट इट’ मध्ये ॲट दबून जातो, जोर लुकवर येतो. बहुतेक वेळा कान बरोबर सांगतो. जास्त क्रियापदांची खात्री करायची तर इट घालून दोन्ही वाक्यं शब्दकोशातल्या उदाहरणांशी ताडून पाहावीत.

अशा जोडक्रियापदांची मुलांना उगाच भीती घातली जाते. ऑफ, अप, अवे, डाऊन जे काम करतात, ते आपल्याकडे दुसरं क्रियापद करतं, आणि वऱ्हाडात तर आपण ते उठता-बसता वापरतो. ‘मोटर बंद करून टाक’, ‘खाऊन टाक’ म्हणजे ईट अप, ‘फेकून दे’ म्हणजे थ्रो अवे, ‘लिहून घे’ म्हणजे राइट डाऊन, ‘निघून जा’ म्हणजे गो अवे. ‘टाक’ म्हटल्यावर कुणी काही टाकत नाही, क्रिया पूर्ण झाली एवढंच कळतं. ईट अपमधला अपही तसाच, त्याच्यात वर जाण्याचं काही नाही. फक्त जोड्या एकास एक बसत नाहीत: गिव्ह अप म्हणजे सोडून देणं, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट आउट म्हणजे विझवणं. त्या त्या जोडीचा अर्थ वेगळा लक्षात ठेवावा लागतो.

प्रश्न विचारताना आणखी एक गोष्ट निसटते. ‘तू कोणाची वाट पाहून रायला?’ याचं ‘हूम आर यू वेटिंग?’ होतं आणि फॉर गायब होतो. वाक्याच्या शेवटी आलेला शब्द आपल्याला अनाथ वाटतो, म्हणून तो गळतो. तो तिथेच राहिला पाहिजे: ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ तसंच लिहायला पेन मागायचं तर ‘अ पेन टू राइट विथ’, कागद मागायचा तर ‘पेपर टू राइट ऑन’, बसायला खुर्ची हवी तर ‘अ चेअर टू सिट ऑन’. आणि ‘त्याला सगळे हसले’ हे कर्मणी केलं तर ‘ही वॉज लाफ्ड ॲट’. ॲट सोडायचा नाही.

उभयान्वयी अव्ययांचं दुखणं मात्र वेगळं आहे, आणि माझ्या मते मुलांचे जास्त गुण तिथेच जातात. आपल्याकडे जोडी लागते: जरी-तरी, जोपर्यंत-तोपर्यंत, जेव्हा-तेव्हा. इंग्रजीत एकच पुरतो. ‘ऑलदो इट रेन्ड, बट’ असं लिहिलं की ‘तरी’चं बट जास्तीचं झालं. बट काढून टाका. ‘बिकॉज’नं सुरू केलेल्या वाक्यात मधला ‘सो’ही असाच काढायचा.

यावर एक उपाय आहे. इंग्रजीत जाण्याआधी मराठी वाक्य मराठीतच बदलायचं. ‘जोपर्यंत पाऊस येत नाही तोपर्यंत पेरू नका’ हे तसंच नेलं तर ‘अनटिल इट डझन्ट रेन’ होतं, आणि वाचणाऱ्याला ‘पाऊस थांबेपर्यंत थांबा’ असा उलटा अर्थ लागू शकतो. आधी म्हणा, ‘पाऊस येईपर्यंत पेरू नका’. त्यातला ‘नाही’ गेला. आता ‘डोन्ट स्टार्ट सोइंग अनटिल इट रेन्स’ सरळ येतं. ‘खत टाकलं नाही तर पीक येणार नाही’ हे ‘खत टाकल्याशिवाय पीक येणार नाही’ असं करा, म्हणजे अनलेसच्या पुढे नॉट येणार नाही. ‘जेव्हा पाऊस येईल तेव्हा पेरीन’ हे ‘पाऊस आल्यावर पेरीन’ करा, म्हणजे ‘व्हेन इट विल रेन’ सुचणार नाही. व्हेन, इफ, अनटिल, बिफोर यांच्या अशा वाक्यांत भविष्यासाठीही साधा वर्तमानकाळ येतो, विल फक्त मुख्य वाक्यात. ‘जरी पाऊस पडला तरी नाल्याला पाणी आलं नाही’ हे ‘पाऊस पडूनही’ केलं की तरी आपोआप गळतो. पर्यंत, शिवाय, वर, ऊनही या चार शेपट्या लक्षात ठेवल्या तरी परीक्षेतल्या ‘डू ॲज डायरेक्टेड’ (सांगितल्याप्रमाणे वाक्य बदला) या प्रश्नाचा बराच भाग सुटतो.

त्याच प्रश्नात बिकॉज आणि बिकॉज ऑफ, ऑलदो आणि इन स्पाइट ऑफ, व्हाइल आणि ड्युरिंग यांची अदलाबदल करायला सांगतात. पहिल्यानंतर कर्ता आणि क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य हवं, दुसऱ्यानंतर नुसतं नाम किंवा आयएनजी; ड्युरिंगनंतर मात्र फक्त नाम. बिकॉज इट रेन्ड, बिकॉज ऑफ द रेन. ‘डिस्पाइट’ला ऑफ लागत नाही, ‘इन स्पाइट’ला लागतो, आणि इथे बहुतेक जण दोन्हीची भेसळ करतात. आफ्टर, बिफोर, सिन्स, अनटिल दोन्हीकडे चालतात, म्हणून त्यांच्यापुढे काय लिहिलंय ते बघूनच ठरवा.

टूबद्दल एक इशारा. ‘लुक फॉरवर्ड टू’ आणि ‘ऑब्जेक्ट टू’ मधला टू शब्दयोगी आहे, त्यापुढे आयएनजी येतं: लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू.

नोंदवही ठेवायची तर क्रियापद एकटं लिहू नका. ‘ॲप्लाय टू समबडी फॉर समथिंग’, ‘प्रिव्हेंट समबडी फ्रॉम डुइंग समथिंग’ अशी पूर्ण चौकट लिहा आणि खाली आपल्या गावातलं एक वाक्य. रोज पाच पुरेत, आठवड्यातून एक दिवस नवीन काही नाही, फक्त उजळणी. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकानं जपानी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता असाच शब्दकोश रचला. तो १९४२ साली टोकियोत छापला गेला, आणि त्यात कोणतं क्रियापद कोणत्या चौकटीत बसतं हे दिलेलं होतं. आज विद्यार्थ्यांसाठीच्या कोणत्याही चांगल्या इंग्रजी शब्दकोशात ही माहिती मिळते. अर्थ वाचून पान उलटू नका, खालची उदाहरणं वाचा.

या अंकात ‘आय पास्ड आउट फ्रॉम धिस स्कूल’ हे वाक्य कुणीतरी लिहिणारच. भारतात ते सगळ्यांना कळतं, चुकीचं म्हणून कुणी खोडणार नाही. पण ब्रिटन-अमेरिकेत पास आउटचा पहिला अर्थ बेशुद्ध पडणं असा लागतो. तिकडच्या अर्जात ‘आय फिनिश्ड स्कूल’ आणि पुढे साल लिहावं.