पोटात बाळ आणि चालू फिट्सच्या गोळ्या: माझा अनुभव

मला फिट्स येतात, म्हणून कॉलेजपासून लॅमोट्रिजिन चालू आहे. मूल हवं असं ठरल्यावर घरातल्या मोठ्यांचं म्हणणं एकच, आता त्या गोळ्या बंद कर. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी मात्र बजावलं, मनाने एकही गोळी सोडायची नाही. मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. व्हॅल्प्रोएट ही फिट्सचीच दुसरी गोळी चालू असती तर आधीच बदलली असती, म्हणाल्या. त्या औषधावर शंभरातल्या साधारण १० बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण २ ते ३ असतं आणि लॅमोट्रिजिनवरही जवळपास तेवढंच.

हे आकडे येतात कुठून, तर आधीच्या बायकांकडून. गरोदर बाईला औषधाच्या चाचणीत सहसा घेतच नाहीत. थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध १९५७ मध्ये बाजारात आलं, मळमळीवरही दिलं गेलं, आणि ते मागे घ्यायला १९६१ उजाडलं. तोवर हजारो बाळं अपुऱ्या हातापायांनी जन्मली होती. म्हणून आता फिट्सच्या औषधांसारख्या औषधांच्या प्रेग्नन्सी रजिस्ट्री असतात, म्हणजे ते औषध घेणाऱ्या गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची नोंद ठेवली जाते. मीही संमतीपत्रावर सही केली.

सोनोग्राफीच्या आधीच नाव नोंदवा, असा बाईंचा आग्रह होता. निकाल कळल्यावर नोंदणी केली तर ज्यांचं काही बिघडलं त्याच जास्त पुढे येतात आणि औषध आहे त्याहून वाईट दिसतं. हे मला फार पटलं.

मग रजिस्ट्रीचे फोन सुरू झाले. पलीकडची बाई म्हणायची, "स्ट्रिप हातात घ्या आणि वाचून दाखवा." नाव, कंपनी, मिलिग्रॅम. शेवटची पाळी कधी आली? फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीपासून होतं का? (बाळाच्या मणक्याची नळी नीट मिटायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं आणि ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, म्हणून हा प्रश्न.) मध्ये ताप आला, पॅरासिटामॉल घेतली? झाडपाल्याचं काही? कंटाळा यायचा, खरं सांगते. पण फिट आली का, हे ती इतक्या सहज विचारायची की लपवावंसं वाटलं नाही.

रक्तातली पातळी तपासणं मात्र माझ्यासाठीच होतं. गरोदरपणात शरीर लॅमोट्रिजिन भराभर बाहेर टाकतं, त्यामुळे डोस वाढवत न्यावा लागला. बाळंतपणानंतर हेच चक्र उलटं फिरतं. वाढवलेला डोस तसाच ठेवला तर चक्कर येते, एकाचं दोन दिसतं. म्हणून डोस उतरवायचं वेळापत्रक प्रसूतीच्या आधीच लिहून घेतलं होतं आणि ते नवऱ्याच्या ताब्यात दिलं होतं. जागरणात मला कुठलं भान!

मुलगी झाली. हृदय, टाळू, पाठीचा कणा, बोटं असं एकेक विचारून फॉर्म भरला गेला. दूध पाजायलाही डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. औषध दुधात उतरतं, तेव्हा बाळ फार सुस्त वाटलं किंवा अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवा, एवढंच सांगितलं. काही औषधांचा परिणाम पुढे बोलण्यात, शिकण्यात दिसतो, म्हणून पुढचा फोन तिच्या बोलण्याबद्दल असणार आहे.