तुम्ही विचारलंत म्हणून: सीडीएस द्यावी की एनसीसीतून जावं?

दहा वर्षं लष्करात काढून मी बाहेर आलो. तेव्हापासून लष्करात अधिकारी व्हायचं असलेली कॉलेजातली मुलंमुली एकच प्रश्न घेऊन येतात, "सर, सीडीएस देऊ की एनसीसीतून जाऊ?" परवा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने तोच विचारला. शेजारी तिची आई बसली होती. आईंच्या मनात वेगळाच प्रश्न होता, त्याकडे येतोच.

सीडीएस ही सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची यूपीएससीची परीक्षा, वर्षातून दोनदा होते. डेहराडूनच्या आयएमएसाठी, म्हणजे भारतीय लष्करी अकादमीसाठी, इंग्रजी, सामान्यज्ञान आणि गणित, प्रत्येकी 100 गुणांचे पेपर. चेन्नईच्या ओटीएला, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीला, गणित लागत नाही. प्रश्नपत्रिका मराठीत नसते आणि इंग्रजीचा पेपर कुणालाच चुकत नाही, तेव्हा मराठी माध्यमातल्यांनी त्याची तयारी पहिल्या वर्षापासून धरावी. एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षा नाही. पदवीला किमान 50 टक्के आणि एनसीसीच्या सी प्रमाणपत्रात किमान बी ग्रेड हवी. अर्ज छाननीत टिकला की थेट एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं, बोलावणं येतं. ही वाटही चेन्नईलाच जाते.

लेखी नाही म्हणून ही वाट सोपी, असं पुष्कळांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. सी प्रमाणपत्रामागे कॉलेजची वर्षं असतात: परेडची 75 टक्के हजेरी, कॅम्प, आधी बी आणि मग सीची परीक्षा. पेपरचा अभ्यास सहा महिने जीव तोडून भरून काढता येतो, हुकलेल्या परेड कुठून आणणार? तिसऱ्या वर्षाचा एखादा चुणचुणीत मुलगा येऊन विचारतो, "आता एनसीसीतून जमेल का?" त्याला नाही म्हणताना माझाच जीव तुटतो. पहिल्या वर्षी एनसीसीच्या निवडीसाठी मैदानावर रांग लागली होती, तेव्हा हा कॅन्टीनमध्ये बसला होता आणि कुणी त्याला हाक मारली नव्हती. त्याच्यासाठी सीडीएस उरते, आणि तीही चांगली वाट आहे. फक्त गणिताला घाबरून आयएमए सोडू नका. ते गणित दहावीच्या पातळीचं आहे आणि आयएमएला वयाची अट 24 ची, ओटीएपेक्षा एक वर्ष आधी संपणारी.

कुठूनही या, एसएसबीचे पाच दिवस सगळ्यांना सारखेच. पहिल्या दिवशी एक धूसर चित्र 30 सेकंद पडद्यावर दिसतं, मग चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात चर्चा करायची. पहिल्या खेपेला माझ्या गटात सगळे एकदम बोलायला लागले. मीही आवाज चढवला. दुपारी चेस्ट नंबर पुकारले, त्यात माझा नव्हता. छातीवरचं ते नंबरचं कापड सोडताना गाठ सुटेना, एवढं मला आजही आठवतं. दुसऱ्या खेपेला मी शेजारच्या मुलाचं पूर्ण ऐकून घेतलं, मगच बोललो. ऐकून घेण्याची ही सवय मला एनसीसीच्या कॅम्पने लावली होती, तंबूत दहा जणांत राहून. पहिल्या वेळी घाबरून ती विसरलो होतो.

आता आईंचा प्रश्न: "दहा वर्षांनी पुढे काय?" हा घरात बसून नीट बोलण्याचा विषय आहे आणि बहुतेक घरांत तो बोललाच जात नाही. आयएमएतून कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकाऱ्याची नेमणूक मिळते. ओटीएतून शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे दहा वर्षं. पुढे कायमस्वरूपी कमिशनसाठी अर्ज करता येतो, नाहीतर चार वर्षं वाढवून मिळू शकतात. पेन्शनला मात्र 20 वर्षं लागतात, म्हणजे दहा किंवा चौदा वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला ती नाही, ग्रॅच्युइटी मिळते. हे माहीत असून जावं. मी माहीत असून गेलो आणि पुन्हा तेच करीन. ज्याला घरासाठी पेन्शनची हमी हवीच आहे, त्याने आयएमएसाठी सगळं पणाला लावावं.

त्या मुलीला मी सांगितलं: बीची परीक्षा चांगली दे. पुढच्या वर्षी, शेवटच्या वर्षात असतानाच, सीडीएसचा फॉर्म ओटीएसाठी भर. सीचं प्रमाणपत्र हातात आलं की एनसीसी एंट्रीचा अर्ज कर. बोलावणी दोन्हीकडून आली तर दोन्हीकडे जा. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एसएसबीची तयारी मोफत करून घेतात, त्याची चौकशी आत्ताच करून ठेव.

तिने सगळं वहीत लिहून घेतलं. आईंनी निघताना विचारलं, "चेन्नईला आम्हांला बोलावतात का?" बोलावतात. पासिंग आउट परेड झाली की खांद्यावरचे तारे आईवडीलच लावतात. माझ्या डाव्या खांद्यावरचे आईने लावले होते.